यंत्रमागाची वीज : कंपनी आली, स्पर्धा आली काय?

वीज वितरणात खासगी कंपनी आली म्हणजे स्पर्धा आली, असे सर्रास मानले जाते. आमच्या मते या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईच्या उपनगरांत टाटा व अदानी या दोन परवानाधारक कंपन्या आहेत. एकीचा दर परवडला नाही तर ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. ही स्पर्धा. भिवंडीत २००७ साली टोरंट कंपनी आली ती महावितरणची फ्रँचायझी म्हणून. मालेगावात २०२० साली हीच पद्धत आली. फ्रँचायझी वीज पोचवते, बिल वसूल करते. परवाना मात्र महावितरणचाच राहतो. म्हणजे मागवाल्यासमोर दुसरे दुकान उघडलेले नाही.

मग दर कोण ठरवतो? १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग. दराचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर सूचना देऊन हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. बिलाची तक्रार ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे नेता येते.

जेथे स्पर्धा नाही तेथे नियमन हाच ग्राहकाचा आधार. मोठे कारखानदार वकील व हिशेबाचे जाणकार घेऊन सुनावणीला जातात. चार-सहा मागांचा मालक बिल हाती पडल्यावर जागा होतो. मोर्चाने वाचा फुटते, हे खरे. परंतु आयोगापुढे चालतात ते आकडे. यंत्रमाग संघटनांनी बिले व मीटरच्या नोंदी गोळा करून मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, असे आम्ही सुचवतो.