पत्ता शेवटून वाचायचा

पाटसच्या चौकात थोडा वेळ उभं राहिलं की रस्ता विचारणारा एखादा भेटतोच. पुणे-सोलापूर महामार्ग सोडून बारामतीकडे वळायचं ते इथून. कुणी फलटणची वाट विचारली तर टपरीवाला फलटणपर्यंतची वळणं सांगत बसत नाही. "बारामती गाठा, तिथं विचारा," म्हणतो आणि चहा गाळायला लागतो. संगणकाला वेबसाइटचा पत्ता सापडतो तोही असाच.

मी सातबारा काढायला एका ऑनलाइन सेवा केंद्रात बसलो होतो. पोरानं भराभर पत्ता टाइप केला आणि पडद्यावर करड्या अक्षरांत नकार आला. "काका, नेट गेलं." नेट कसलं जातंय, शेजारच्या मोबाईलवर त्याच वायफायवर गाणं वाजत होतं. खाली बारीक अक्षरांत 'एनएक्सडोमेन' लिहिलेलं. पोस्टमन पाकिटावर 'या नावाचे कोणी राहत नाही' असा शेरा मारून ते परत पाठवतो ना, तेच हे. 'सातबारा'तला एक 'ए' टाइप करताना गळाला होता.

नाव दुरुस्त झालं: डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. आधी घर, मग गाव, तालुका, जिल्हा; लहानापासून मोठ्याकडे. पण पत्र वाटणारा शेवटून सुरुवात करतो. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्यांच्या सहा आकड्यांत पहिला आकडा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. संगणकही आधी 'इन'लाच हात घालतो.

पोराला म्हटलं, काळी खिडकी उघड आणि एनएसलुकअप लिहून हेच नाव दे. क्षणात टिंबांनी तोडलेले चार आकडे आले. यंत्रांना खरा पत्ता एवढाच कळतो. नावं आपल्या सोयीसाठी. हे आकडे आणायला पडद्यामागे विचारपूस झालेली असते. सगळ्यात वर रूट सर्व्हर, 'ए' ते 'एम' अशा तेरा नावांचे, प्रती मात्र जगभर ठेवलेल्या. त्यांना सातबारा ठाऊक नाही. ते फक्त 'इन'वाल्यांचं दार दाखवतात. 'इन'वाले 'जीओव्ही'कडे बोट करतात, आणि असं विचारत विचारत शेवटी घर सापडतं. एके काळी सगळी नावं एकाच यादीत होती आणि जो तो तिची नक्कल उतरवून घेई. नावं वाढली तशी यादी पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वाटून घेतलेली पद्धत आखली.

आकड्यांच्या वर एक ओळ होती: 'नॉन-ऑथोरिटेटिव्ह अ‍ॅन्सर'. पोरगं दचकलं, "म्हणजे खोटं?" खोटं नव्हे, ऐकीव. ही विचारपूस करणाऱ्या मधल्या सर्व्हरनं मघाशी कुणासाठी तरी विचारून ठेवलेलं उत्तर त्यानं आपल्याला दिलं. अशा उत्तराला मुदत असते, सेकंदांत मोजलेली; ती सरली की पुन्हा मुळाशी जायचं. तलाठ्याच्या सहीचा उतारा आणि त्याची झेरॉक्स, एवढाच फरक.

पत्ता मिळाला की पुढचं काम ऊस वाहण्यासारखं. भीमा पाटस कारखान्याला एका शेताचा ऊस एका खेपेत जात नाही. ट्रॉल्या पुढेमागे पोचतात. सातबाराचेही साधारण दीड-दीड हजार बाइटांचे तुकडे होतात, प्रत्येकावर क्रमांक. मागचा पुढे आला तरी पोचल्यावर ओळीनं लागतात आणि एखादा वाटेत हरवला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. टीसीपी म्हणतात तो नियम हाच.

पत्त्याच्या सुरुवातीला असलेल्या 'एचटीटीपीएस'मधला 'एस' एवढंच सांगतो की बोलणं वाटेत कुणाला वाचता येणार नाही, आणि समोरचा त्याच नावाचा आहे. तो भला माणूस आहे, असं काही तो सांगत नाही. कुलपाचं चित्र पाहून पैसे भरणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम' असा पत्ता आला तर ते घर सरकारचं नाही, अमुकचं आहे. पुढे कितीही सरकारी नावं लावली तरी. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून उलटं वाचायचं. (पत्त्याच्या सुरुवातीच्या त्या दोन तिरक्या रेघा मात्र फुकटच्या. टिम बर्नर्स-ली यांनी स्वतःच पुढे कबूल केलं की त्यांची गरज नव्हती.)

पोरानं विचारलं, हे सगळं मराठीत का नाही? आहे की. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४पासून मिळतं. पण आत यंत्र त्याचं 'एक्सएन', दोन आडव्या रेघा, 'एच२बीआरजे९सी' असं करून घेतं, कारण जुन्या नियमांना इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. पोरानं ते कागदावर उतरवून घेतलं आणि कितीतरी वेळ बघत बसला.

पंधरा रुपये कापले गेले आणि उतारा छापून आला. खाली पडताळणी क्रमांक. बँकेत कुणाला शंका आलीच, तर त्यानंही तेच नाव टाइप करायचं. 'ए' न गाळता.