पाठीवरच्या पंपांतील पेट्रोल व तेल

गेल्या खरिपांत, भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यांत, कपाशीला पात्या व फुलें भरून आलीं होतीं आणि पावसानें चार दिवसांची उघडीप दिली होती. नेमक्या त्याच वेळीं आमचा पाठीवरचा पॉवर पंप धुऱ्यावर बंद पडला. दोरी ओढूं गेलों तों ती जागची हलेना. दट्ट्या सिलिंडरांत घट्ट बसला होता. हिंगणघाटास एका मिस्त्रीकडे नेला. त्यानें सायलेन्सर काढून आंत उजेड टाकला, दट्ट्यावरील उभे ओरखडे मला दाखविले आणि म्हणाला, "काकाजी, याले तेल भेटलंच नाई."

तेल मीं स्वतःच्या हातानें घातलें होतें. तेल घातलें हें खरें आणि यंत्रास तें मिळालें नाहीं हेंहि खरें, हें कोडें उलगडण्यास मला कांहीं दिवस लागले. तेवढ्यांत उघडीप संपली, आणि अळीनें आपलें काम करून घेतलें. दुरुस्तीच्या खर्चापेक्षां ती गेलेली फवारणी मला अधिक लागली. आपल्या जिल्ह्यांत हल्लीं असे फवारणीचे पंप आणि धुऱ्यावरचें गवत कापणारीं यंत्रें पुष्कळ झालीं आहेत. म्हणून जें कळलें तें शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहें.

मोटारसायकलीच्या किंवा विहिरीवरील डिझेल इंजिनाच्या पोटांत तेल वेगळें भरलेलें असतें. टू-स्ट्रोक इंजिनांत तशी सोय नाहीं. जोसेफ डे नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८९१ सालीं जी साधी रचना काढली, तीच मुख्यतः अद्याप चालू आहे. ताजें पेट्रोल व हवा प्रथम दट्ट्याखालच्या पेटींत शिरतात, आणि तेथून वर सिलिंडरांत ढकललीं जातात. त्या वाटेवर पेट्रोलांत मिसळलेलें तेलच बेअरिंगांना व सिलिंडरच्या भिंतीला लागतें, व शेवटीं जळून बाहेर पडतें. यामुळें यंत्र हलकें व स्वस्त होतें, आणि पाठीवर तिरपें झालें तरी चालतें. परंतु ज्या क्षणीं बिनतेलाचें इंधन आंत गेलें, त्या क्षणापासून लोखंडावर लोखंड घासूं लागतें. १९७२ सालीं निघालेली कायनेटिकची लूना ज्यांनीं वापरली, त्यांना हें नवीन नाहीं. त्या काळीं पेट्रोल पंपावरील मुलगाच तेल मोजून घालीत असे, आणि आपण फक्त पैसे मोजत असूं. आज तें मोजमाप आपल्यावर आलें आहे.

आतां माझी चूक सांगतों. मृगांत मीं पांच लिटर मिश्रण एकदम करून ठेवलें. डबा गोठ्यांत, पत्र्याच्या गळक्या भागाखालीं, आणि झांकण सैल. पूर्वीच्या पेट्रोलांत पाणी शिरलें तर तें तळाशीं वेगळें बसे, व वरचें पेट्रोल जसेंच्या तसें राही. आजच्या पेट्रोलाची गोष्ट निराळी आहे. सरकारच्या २०१८ सालच्या जैवइंधन धोरणानुसार पेट्रोलांत इथेनॉल म्हणजे मद्यार्क मिसळण्याचें प्रमाण वाढत गेलें. जून २०२२ मध्यें तें १० टक्क्यांवर पोंचलें, फेब्रुवारी २०२३ मध्यें २० टक्क्यांचें पेट्रोल कांहीं पंपांवर सुरू झालें, आणि २०२५ पासून तें सर्वत्र झालें. ऊस व मका पिकविणाऱ्यांचा त्यांत फायदा आहे, तेव्हां त्याविरुद्ध ओरड करण्याचा माझा हेतु नाहीं. पण मद्यार्काला पाण्याची ओढ फार. थोडें पाणी तो आपल्यांत मुरवून घेतो. प्रमाणाबाहेर झालें कीं पेट्रोलाची संगत सोडून पाण्यासह तळाशीं जाऊन बसतो. तेल मात्र वरच्या पेट्रोलाबरोबरच राहतें. माझ्या डब्यांत हेंच झालें होतें. वरचें मिश्रण तीन दिवस ठीक चाललें, चौथ्या दिवशीं डब्याचा तळ मीं टाकींत उपडा केला. इंजिनाचा आवाज बदलला तें मला ऐकूं आलें होतें; पण मीं रेस वाढविली. त्या वेळीं तें यंत्र मद्यार्क आणि पाणी पीत होतें.

याशिवाय इथेनॉलास जळण्यासाठीं पेट्रोलापेक्षां कमी हवा लागते. ज्या जुन्या यंत्राचा कार्बोरेटर साध्या पेट्रोलासाठीं बसविलेला आहे, त्यास हवा अधिक व इंधन कमी असें होऊन तें जास्त तापतें. रबराचे पडदे व नळ्याहि काळानें फुगतात अथवा कडक होतात. कित्येक कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको असें छापलेलें असतें. नवें यंत्र घेतांना २० टक्क्यांचें चालतें काय, हें दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावें. तोंडी आश्वासन पुढें कामास येत नाहीं, हें तहसील कचेरींत आयुष्य काढलेल्या माणसानें निराळें सांगावयास नको. जुन्या यंत्राचा स्क्रू मिस्त्रीकडून एकदां लावून घ्यावा. भारी किमतीचें पेट्रोल घेतल्यानें ही अडचण टळते असें नाहीं, कारण त्यांतहि इथेनॉल असूं शकतें.

पेट्रोलांत इथेनॉल किती आहे, हें घरीं पाहतां येतें. खुणा असलेल्या उंच कांचेच्या नळींत १०० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घालून हलवावें व स्थिर होऊं द्यावें. तळचा थर १० च्या जागीं सुमारें ३० मिलिलिटरांवर आला, तर इथेनॉल २० टक्के. कोणी याच युक्तीनें पाणी घालून इथेनॉल काढून टाकतात व वरचें पेट्रोल वापरतात. तें करूं नये. पेट्रोलाची प्रत उतरते, आणि ओलावा राहतो तो राहतोच. तपासणीचें पेट्रोलहि टाकींत परत ओतूं नये.

तेलाविषयीं. डब्यावर टू-टी असें लिहिलेलें, व त्याखालीं जासो एफसी किंवा एफडी अशी प्रत दिलेली असावी. मोटारसायकलीचें किंवा ट्रॅक्टरचें तेल कितीहि महाग असलें तरी येथें उपयोगी नाहीं. तें जळून जाण्यासाठीं केलेलेंच नसतें, त्याची राख प्लगवर व धुराच्या तोंडाशीं बसते. काढलेलें काळें तेल घालणारेहि मीं पाहिले आहेत. त्यांच्याविषयीं काय लिहावें?

प्रमाण यंत्राच्या पुस्तकांत असतें, तेंच धरावें. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. चाळिसास एक म्हणजे २५. पंचविसास एक म्हणजे ४०. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता हा समज चुकीचा आहे. धूर वाढतो, प्लग काळा पडतो, आणि दर पेल्यामागें पेट्रोल तेवढेंच कमी जातें. पण कमी तेलापेक्षां किंचित् जास्त बरें, हें मात्र खरें. अंदाजानें "एक झांकण" घालणें सोडून द्यावें, कारण झांकणें सारखीं नसतात. आणि तें झांकण औषधाच्या बाटलीचें तर मुळींच नसावें. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट जुनी झालेली नाहीं. विषाचें माप हातांत घेऊन पेट्रोल मोजणें, आणि पुन्हां तेंच माप ठेवून देणें, म्हणजे घरांतील लेकराच्या हातीं तें देण्यासारखेंच आहे. औषधाच्या दुकानीं मिळणारी वीस मिलिलिटरची सुईविना पिचकारी चांगली. तिच्यावर तेलाची खूण करावी.

मिसळतांना डब्यांत आधीं अर्धें पेट्रोल, मग सर्व तेल, हलवून मग उरलेलें पेट्रोल. टाकींत तेल वेगळें व पेट्रोल वेगळें ओतूं नये. दर वेळीं भरण्यापूर्वीं डबा हलवावा. भरतांना इंजिन गार झालेलें असावें, पंप पाठीवरून उतरवून जमिनीवर ठेवलेला असावा, आणि बिडी लांब. उन्हांत तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले, तरी पाठीवर आग घेऊन धांवण्याची पाळी येते. कांहीं घरीं फोर-स्ट्रोकचें गवत कापण्याचें यंत्रहि असतें. त्याला तेल भरण्याचें तोंड वेगळें असतें, त्यांत हें मिश्रण घालूं नये. म्हणून डब्यावर ठळक अक्षरांनीं "तेल मिसळलेलें", प्रमाण व तारीख लिहावी. आमच्या घरीं हें लिहिण्याचें काम माझ्याकडे आहे, व त्यावरून घरचीं मंडळी हंसतात.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें विक्रीसाठीं नसलेलें ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना ठेवतां येतें. कांचेचें भांडें असल्यास एका लिटरहून मोठें नसावें, धातूचें असल्यास २५ लिटरहून. पण कायदा परवानगी देतो म्हणून तेवढें सांठवावें असें नाहीं. वैशाखांत पारा ४५ च्या वर गेला कीं पेट्रोलांतील हलका भाग उडून जातो व राहिलेलें लवकर पेट घेत नाहीं; आषाढांत ओलावा शिरतो. आतां मी फवारणीच्या दिवशीं लागेल तेवढेंच, दीड-दोन लिटर, करतों. पंधरा दिवसांपेक्षां जुनें मिश्रण वापरीत नाहीं. डबा जाड व घट्ट झांकणाचा, आणि तो गोठ्यांत नव्हे, कोरड्या खोलींत जमिनीपासून वर ठेवलेला. प्रत्येक वेळीं थोडें मिश्रण पांढऱ्या कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडांत धरतों. गढूळ दिसलें किंवा तळाशीं रेघ दिसली, तर तो डबा यंत्राजवळ नेत नाहीं.

हंगाम संपला कीं टाकी रिकामी करावी, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे कार्बोरेटरांत कांहीं उरत नाहीं. मग प्लग काढून आंत छोटा चमचाभर टू-टी तेल सोडावें, दोरी दोन-तीनदां सावकाश ओढावी, आणि प्लग पुन्हां बसवून पंप गोणपाटांत गुंडाळून ठेवावा.