साम्राज्याचे दरबार आणि पोशाखाचे प्रत्युत्तर

ब्रिटिशांनी हिंदुस्थानात भरविलेले दरबार हा केवळ वैभवाचा देखावा नव्हता. प्रत्येकास त्याची पायरी दाखवून देणारी ती एक शासनपद्धतीच होती. कोणास किती तोफांची सलामी, कोणाचे आसन कितवे, मुजरा कसा करावा, हे सारे ठरलेले असे. पोशाखही या व्यवस्थेचा भाग होता आणि मराठी माणसांनी प्रत्युत्तरासाठी नेमके तेच साधन निवडले.

१ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस ‘कैसर-ए-हिंद’ घोषित केले. संस्थानिकांना राजचिन्हांकित रेशमी ध्वज मिळाले. त्याच वेळी दख्खन दुष्काळाने होरपळत होते. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका तेथे हातसुताच्या जाड्याभरड्या वस्त्रांत उपस्थित राहिले. स्वदेशीचा विचार साम्राज्याच्या मंडपात असा मूकपणे पोहोचला.

जोतीराव फुले यांनी मात्र मौन पाळले नाही. राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी २ मार्च १८८८ रोजी पुण्यात मेजवानी दिली. तीत जोतीराव फाटके धोतर, घोंगडी आणि मुंडासे अशा कुणब्याच्या वेषात आले. दागिन्यांनी मढलेले हे पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत अन्नवस्त्रावाचून आहे. तिच्या शिक्षणाची गरज राणीच्या कानी घालावी, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्येच लिहून पूर्ण केला होता. त्यातील शेतकरीच जणू येथे पंगतीला येऊन बसला. या कृतीस निव्वळ निषेध म्हणणे अपुरे ठरते. जोतीरावांनी राजपुत्राकडे पाठ फिरविली नाही. प्रजेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी यजमान व पाहुणे या दोघांपुढेही ठेवला. त्याची धार इंग्रजांइतकीच एतद्देशीय प्रतिष्ठितांनाही लागणारी होती.

पाठ फिरविल्याचा आरोप पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांवर आला. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात साध्या वेषातील महाराजांनी पंचम जॉर्ज यांना एकदाच लवून अभिवादन केले आणि संकेताप्रमाणे पाठमोरे न होता मागे सरण्याऐवजी ते वळून चालू लागले. त्यांच्या हेतूविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इंग्रजी वृत्तपत्रांनी मात्र त्यात राजद्रोह पाहिला आणि महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंज यांच्याकडे लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली. अवघ्या काही पावलांसाठी!