अनोळख्यांची पंगत

मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यांत, जलंब नांवाचें स्थानक आहे. खामगांवास जाणारा फांटा येथून फुटतो. समजा, संध्याकाळीं या फांट्याची गाडी चुकलेला एक ख्रिस्ती गृहस्थ तेथील बांकावर एकटाच बसला आहे. शेजारीं एका अनोळखी कुटुंबानें शिदोरी सोडली: ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा. "या, चार घांस खा," म्हणून वडील माणसानें त्यास हांक मारली. मग डोळे मिटून त्यानें थोडकी प्रार्थना केली, आणि पाहुण्यास उमगलें कीं, हींहि आपल्याच प्रभूचीं माणसें! नांवगांव विचारण्यापूर्वींच भाकरी मोडली गेली. अशा वेळीं मनास जो आनंद होतो, त्याचें मूळ फार जुनें आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायांत अम्माऊस गांवीं निघालेल्या दोन शिष्यांची कथा आहे. वाटेंत त्यांस एक परका सोबती भेटला. साऱ्या वाटेनें बोलणें झालें, तरी ओळख पटली नाहीं. ती पटली, तो जेवावयास बसून भाकर मोडूं लागला तेव्हां. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या अशाच एकत्र जेवीत. त्या भोजनास ग्रीक भाषेंत 'अगापे', म्हणजे प्रीति, हेंच नांव पडलें. मराठींत त्यास प्रीतिभोजन म्हणतात. कालांतरानें ही चाल मागें पडली. जर्मनींतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळीनें १७२७ मध्यें ती पुन्हा सुरू केली, व त्यांच्यापासून जॉन वेस्ली यानें ती मेथडिस्टांत नेली.

परंतु एका पंक्तीस बसणें कधींच सोपें नव्हतें. इ. स. ५५ च्या सुमारास पौलास करिंथ येथील मंडळीची कानउघाडणी करावी लागली. कारण तेथें कांहीं जण आधींच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत.

महाराष्ट्रांत हीच अडचण जातीच्या रूपानें उभी राहिली. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हेहि तेथें होते. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वृत्तपत्रांत छापविलीं आणि मोठें ग्रामण्य माजलें. अखेर १८९२ मध्यें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. पेलाभर चहाची एवढी किंमत असेल, तर धर्मांतर करणाऱ्याच्या पहिल्या जेवणाची किती असेल? त्याला घर, आप्त, पाणवठा, सारेंच सोडावें लागे. ख्रिस्ती झाल्यावरहि भेद लगेच सरला नाहीं. महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींस एकमेकांबरोबर जेवण्याचा संकोच पुष्कळ काळ वाटे.

१८९९-१९०० च्या दुष्काळांत अनेक पोरकीं मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं. तेथील अन्नानें प्राण वांचले, हें खरेंच. पण भुकेल्या मुलास पंगत निवडतां येत नाहीं. म्हणून अन्नदान आणि प्रीतिभोजन यांतील अंतर ध्यानीं ठेवावें. पहिल्यांत एक देतो व दुसरा घेतो. दुसऱ्यांत दोघेहि मोकळ्या मनानें एकत्र बसतात.

याच जिल्ह्यांत शेगांव आहे. तेथें १८७८ मध्यें गजानन महाराज प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरचीं शितें वेंचून खातांना, असें परंपरा सांगते. धर्म निराळा, पण अन्नापुढें मोठेपणा विसरण्याची शिकवण निराळी नाहीं.

जलंबच्या बांकावरील गृहस्थास मिळालेला आनंद खरा आहे. पण तो अर्धाच आहे. प्रार्थनेवरून ओळख पटली म्हणून नव्हे, तर ओळख पटण्याच्या आधींच त्याला हांक मारली गेली, म्हणून ती शिदोरी प्रीतिभोजन ठरली. पाहुणा परधर्मी निघता, तरी भाकरीचा तुकडा तेवढाच मोठा असता काय, यावरच पंगतीची परीक्षा होते.