कायदा होण्याआधीचे दार

नागरिकत्वाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिल्यांदा कागदपत्रांची पेटी उघडली जाते. अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरचे अम्मीचे नाव, जन्मदाखल्यातली एका अक्षराची चूक, सारे तपासले जाते. ही काळजी रास्तच आहे. पण ज्या कायद्याच्या धास्तीने आपण पेटी उघडतो, त्या कायद्याचीही आधी तपासणी व्हायला हवी. संसदेत हे काम समित्या करतात आणि तिकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

जुलै २०१६ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना त्यात सवलत होती; मुसलमानांचा त्यांत समावेश नव्हता. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. समितीने निवेदने मागवली, गुवाहाटी व सिलचरला जाऊन लोकांचे म्हणणे ऐकले, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. तात्काळ लाभ किती जणांना होईल, यावर गुप्तचर विभागाने आकडा दिला : ३१,३१३. समितीने विचारले म्हणून तो नोंदला गेला. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या अहवालात बहुमत विधेयकाच्या बाजूचे होते, तरी विरोधी सदस्यांची भिन्नमते त्यालाच जोडली गेली. पुढे त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक रद्दबातल झाले.

डिसेंबर २०१९ मध्ये मात्र नवे विधेयक ९ तारखेला मांडले गेले आणि ११ तारखेला राज्यसभेतही संमत झाले. ते प्रवर समितीकडे पाठवावे, ही मागणी राज्यसभेत ९९ विरुद्ध १२४ मतांनी फेटाळली गेली. नव्याने घातलेल्या तरतुदी समितीपुढे गेल्याच नाहीत.

वाचक विचारतील, समितीकडे जाऊन तरी काय झाले? वक्फ दुरुस्ती विधेयकावर सुमारे ९७ लाख निवेदने गेली. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला आणि विरोधकांच्या दुरुस्त्या नामंजूर झाल्या. ही निराशा आम्ही नाकारत नाही. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हेही खरे.

तरीही नोंद वाया जात नाही. संसदीय समितीचे अहवाल न्यायालयाला विचारात घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आज फेटाळलेला मुद्दा उद्या तिथे उपयोगी पडू शकतो. मुद्दा मांडलाच नाही, तर उद्या दाखवायला काही उरत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. समितीची जाहिरात वर्तमानपत्रात आली की ती कापून ठेवा. मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते. इकडून तिकडे फिरणारा तयार मजकूर पाठवण्यापेक्षा एक पानभर स्वतःचे लिहा : कोणते कलम, त्याने आपल्या घरावर काय परिणाम होईल, कोणता बदल हवा. हिंदी-इंग्रजी चांगले जाणणारी मुलगी घरात असेल तर तिला लिहायला बसवा. आपल्या खासदारालाही एक प्रत द्या.

आणि त्या निवेदनाची एक प्रत त्याच पेटीत, दाखल्यांच्या शेजारी जपून ठेवा.