मडकं मातीचं होतं म्हणून फुटलं का?

मित्रहो, दोडामार्गात तत्त्वज्ञानावर बोलायचं तर विषय घरातला हवा, असं संयोजकांनी आम्हाला बजावलं होतं. म्हणून आज 'कारण' या कल्पनेवर बोलू, पण एका फाइलीच्या आधारानं.

इथून घाट चढून बेळगावला जायचं आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती व्हायचं, ही आपल्या वाड्यावस्त्यांची जुनी वाट. त्या वाटेनं गेलेले एक हवालदार आमच्या ओळखीचे आहेत. चौदा वर्षं नोकरी झाली, त्यातला बराच काळ उंच बर्फाळ चौक्यांवर. मग झोप गेली, बोलणं गेलं, नैराश्याचं निदान झालं आणि ते घरी आले. मेडिकल बोर्डानं अपंगत्व 40 टक्के ठरवलं, पण पुढे शेरा मारला : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेनं वाढलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत या शेऱ्याला 'नाना' म्हणतात. नाव घरगुती आहे, पण एकदा ते लागलं की अपंगत्वाचं निवृत्तिवेतन अडतं. किमान 20 टक्के अपंगत्व असून भागत नाही, सेवेशी संबंधही लागतो. आणि नानाचं कारण काय दिलं? 'आजार घडणीतला आहे.'

इथे आमचा विषय सुरू होतो. आपल्या परंपरेत उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद करतात. घटाचं उपादान माती, निमित्त कुंभार. मातीशिवाय घट नाही, पण नुसत्या मातीनंही घट होत नाही. आता हेच फुटण्याला लावून बघा. मडकं फुटलं आणि कुणी म्हणालं, "मातीचंच होतं, फुटणारच." हे खोटं नाही. पण दगड लागला होता का, या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच चौकीवर राहिलेले बाकीचे जवान ठणठणीत परत आले. मग दगडालाच कारण कसं म्हणायचं? मनाच्या आजारात प्रकृती आणि परिस्थिती अशा गुंतलेल्या असतात की कुणाचा वाटा किती, हे तराजूत तोलून सांगता येत नाही. तत्त्वज्ञ यावर शंभर वर्षं वाद घालील, त्याचं काही अडत नाही. पेन्शनच्या फाइलीवर मात्र निर्णय लिहावा लागतो. म्हणून कायदा वेगळा प्रश्न विचारतो : कारण निश्चित कळत नसेल, तर सिद्ध करण्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

1982 च्या नियमांनी याचं उत्तर दिलं. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान शरीरानं आणि मनानंही धडधाकट होता, असं धरायचं. सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यायचा. सर्वोच्च न्यायालयानं 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच ठामपणे मांडलं. तिथे आजार झटक्यांचा होता.

मनाच्या आजारात मात्र वाट इतकी सरळ नाही. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की स्किझोफ्रेनियासारखा आजार भरतीच्या तपासणीत दिसतोच असं नाही. तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावर निवृत्तिवेतन मिळत नाही. 2025 मध्ये राजुमोन यांच्या खटल्यात, आजार तोच असताना, न्यायालयानं जवानाच्या बाजूनं निकाल दिला. बोर्डानं मत दिलं होतं, पण मताची कारणं दिली नव्हती. हे दोन निकाल शेजारी ठेवा. "भरतीला ठणठणीत होतो" एवढंच जवानानं म्हणून चालत नाही. "घडणीतला आहे" एवढंच बोर्डानं म्हणूनही चालत नाही. दोघांनीही कारण द्यायचं आहे.

आता आमची चूक सांगतो. हवालदारांचं पहिलं अपील आम्हीच लिहिलं. घरची गरिबी, म्हातारी आई, मुलीचं शिक्षण, देशसेवा. आपण देवळात घालतो तसं ते गाऱ्हाणं होतं. "व्हय महाराजा" म्हणणारं समोर कुणी नव्हतं. ते फेटाळलं गेलं. दयेची याचना खूप होती आणि युक्तिवाद एकही नव्हता. तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन आम्ही हे केलं.

दुसऱ्या अपिलाला आधी कागद गोळा केले : भरतीची वैद्यकीय तपासणी, कुठे किती काळ नेमणूक होती त्याची नोंद, लष्करी रुग्णालयाचे कागद, बोर्डाचं पूर्ण कामकाज. मानसिक आजारात युनिटच्या अधिकाऱ्याचा अहवालही घेतात, तोही मागवला. मग तारखा एकाखाली एक लिहिल्या. पहिलं लक्षण चौकीवरच्या दुसऱ्या हिवाळ्यातलं निघालं. बोर्डाच्या मतात त्या चौकीचा उल्लेखही नव्हता.

मुदती लक्षात ठेवा. अपील साधारण सहा महिन्यांत करायचं. दोन्ही अपिलं फेटाळली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे; महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबईत बसतं. उशीर झाला तरी दार बंद होतंच असं नाही, पण तरसेम सिंग यांच्या 2008 च्या निकालानुसार थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. नियम 2008 मध्ये आणि पुन्हा 21 सप्टेंबर 2023 पासून बदलले आहेत. आपण सेवेतून कधी बाहेर पडलो, त्यावरून कोणते लागू हे आधी बघा. 2008 च्या नियमांत सेवेतून सुटून पंधरा वर्षं उलटली आणि जुने कागद नष्ट झाले, तर सिद्ध करण्याचं ओझं जवानावर येतं. म्हणून कागद आजच मागवा.

आणखी एक. आपल्याकडे माणूस गप्प झाला की "वारा लागला" म्हणतात, आणि 'येडो' म्हणतील या भीतीनं जवान बोर्डापुढे "सगळं ठीक" सांगतो. फौजेच्या 'शेप' या वैद्यकीय श्रेणीत पहिलं अक्षर मनाचं आहे, दृष्टीचं शेवटचं. डोळे तपासून घ्यायला जो लाजत नाही, त्यानं मनाचंही सांगावं. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक कुणालाही खुला आहे.

दुसरं अपील गेलंय, उत्तर यायचंय. सही करताना हवालदार म्हणाले, "माका पैशे नको असा नाय. पण मी मुळातच कच्चो, ह्या जा लिवला, ता पुसूक व्हया."