वीज-गॅसचा ‘फिक्स दर’ : सही करण्यापूर्वी हिशोब करा

रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक मुस्लिम कुटुंबे गेल्या दोन-तीन पिढ्यांपासून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आहेत. तिकडच्या थंडीत घर उबदार ठेवण्यासाठी लागणारा गॅस आणि वीज हा घरखर्चातील मोठा बोजा असतो. ‘एक वर्षासाठी दर फिक्स करा, महिना अमुक पौंड भरा आणि निश्चिंत राहा,’ अशी बोलणी फोनवर किंवा दारात येऊन केली जातात. महिन्याचा आकडा कमी दिसला की माणूस सही करतो. वर्षाअखेरीस मात्र थकबाकीचे पत्र येते आणि मग आपण नेमके काय फिक्स केले होते, याचा शोध सुरू होतो.

मुंबईच्या उपनगरांत बऱ्याच भागांतील घरगुती ग्राहकाला टाटा पॉवर व अदानी या दोन कंपन्यांपैकी एक निवडता येते. ब्रिटनमध्ये ही निवड बरीच मोठी आहे. घरगुती गॅसची बाजारपेठ तेथे १९९६ ते १९९८ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली आणि १९९९ पर्यंत विजेचीही झाली. कंपनी बदलली तरी तारा, नळ आणि मीटर तेच राहतात. बदलतो तो फक्त बिल पाठविणारा आणि त्याचा दर. म्हणून सारा प्रश्न हिशोबाचा आहे.

फिक्स होतो तो दर, बिल नव्हे

सर्वात मोठा गैरसमज येथेच आहे. बिलाचे दोन भाग असतात. पहिला प्रत्येक युनिटचा दर. दुसरा रोजचा स्थिर आकार, ज्याला तिकडे स्टँडिंग चार्ज म्हणतात. एकही दिवा लावला नाही तरी हा आकार द्यावाच लागतो. फिक्स करारात हे दोन दर ठरलेल्या मुदतीपुरते कायम राहतात. युनिट जास्त जळाले तर बिल वाढणारच. महिन्याला बँकेतून कापला जाणारा हप्ता हा केवळ अंदाज असतो. कंपनीने वापर कमी धरला तर हप्ता लहान दिसतो, पण कमी पडलेले पैसे नंतर द्यावेच लागतात. उलट, उन्हाळ्यात खात्यावर जमा राहिलेली रक्कम ही कंपनीकडे ठेवलेली आपली अमानत असते. ती मागता येते.

यासाठी हप्त्यावर नजर न ठेवता मागील बारा महिन्यांत आपण किती युनिट वापरले ते पाहावे. हा आकडा वार्षिक पत्रकावर असतो. एक-दोन महिन्यांच्या बिलावरून वर्षाचा अंदाज बांधू नये, कारण जानेवारीचा गॅस आणि जुलैचा गॅस यांत फार अंतर असते.

एक उदाहरण

समजा, विजेचे दोन फिक्स दर समोर आहेत. पहिल्यात युनिटला २४ पेन्स आणि रोजचा आकार ६० पेन्स. दुसऱ्यात युनिटला २७ पेन्स आणि रोजचा आकार ४० पेन्स. जाहिरातीत पहिला स्वस्त दिसेल.

एकटी राहणारी वृद्ध विधवा वर्षाला १,५०० युनिट वापरत असेल, तर पहिल्या दराने तिला युनिटचे ३६० आणि आकाराचे २१९, असे ५७९ पौंड पडतील. दुसऱ्या दराने ४०५ अधिक १४६, म्हणजे ५५१ पौंड. ‘महाग’ दर तिला २८ पौंडांनी स्वस्त पडला.

आता आठ माणसांचे एकत्र कुटुंब घ्या. वापर ४,५०० युनिट. पहिल्या दराने १,२९९ पौंड आणि दुसऱ्याने १,३६१ पौंड. येथे पहिला दर ६२ पौंडांनी फायद्याचा. या दोन दरांत सीमारेषा सुमारे २,४३३ युनिटांवर पडते. म्हणून शेजाऱ्याने किंवा मशिदीत भेटलेल्या दोस्ताने घेतलेला दर आपल्यालाही परवडेलच असे नाही. गॅसचा हिशोब याच रीतीने वेगळा मांडावा आणि मग दोन्हींची बेरीज करावी. दर भागाप्रमाणेही बदलतात, त्यामुळे बर्मिंगहॅमचा आकडा लंडनला लागू करू नये. दोन्ही दर तोलताना ५ टक्के व्हॅट धरलेला आहे की नाही, हे पाहावे.

फिक्स की सरकता ?

ज्यांनी फिक्स केलेले नाही, ते बहुधा सरकत्या दरावर असतात. १ जानेवारी २०१९ पासून ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये या दरावर कमाल मर्यादा घालते. ऑक्टोबर २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनी ठरते. ही मर्यादाही दरावर असते, एकूण बिलावर नाही.

नमुना घरासाठी या मर्यादेचा वार्षिक आकडा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होता. युक्रेन युद्धानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ३,५४९ वर गेला आणि सरकारला मदत देऊन तो २,५०० च्या आसपास रोखावा लागला. जुलै २०२४ मध्ये तो १,५६८ वर उतरला. (नमुना घराचे माप मध्यंतरी थोडे बदलले आहे.) भाव चढण्यापूर्वी ज्याने फिक्स केले तो वाचला. भाव शिखरावर असताना ज्याने दीर्घ मुदतीसाठी फिक्स केले तो अडकला. फिक्स दर ही बचतीची हमी नव्हे, ती अनिश्चिततेपासून सुटका आहे. ज्याचे उत्पन्न ठरीव आहे त्याने या सुटकेसाठी थोडे जास्त मोजले तरी ते चुकीचे नाही. मात्र किती जास्त मोजतो, हे त्याला माहीत असावे.

कराराची कलमे

मुदतीपूर्वी कंपनी सोडली तर बहुतेक करारांत दंड असतो आणि तो गॅस व विजेसाठी वेगवेगळा आकारला जाऊ शकतो. दोन्ही मिळून १०० पौंड दंड आणि नव्या दराने उरलेल्या मुदतीत बचत ८० पौंड असेल, तर थांबावे. मुदतीच्या शेवटच्या ४९ दिवसांत हा दंड घेता येत नाही. नवा करार केल्यावर १४ दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. भाडेकरू स्वतः बिल भरत असेल तर कंपनी निवडण्याचा हक्क त्यालाही आहे. हिवाळ्यात गरजूंना मिळणारी १५० पौंडांची सवलत अगदी लहान कंपन्यांकडे मिळेलच असे नाही. ते आधी विचारावे.

कंपनीची पतही पाहावी. २०२१ पासून गॅसचे घाऊक भाव भडकले तेव्हा सुमारे तीस कंपन्या बुडाल्या. ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला नाही आणि त्यांची जमा रक्कमही सुरक्षित राहिली. पण त्यांचा स्वस्त फिक्स दर मात्र कंपनीबरोबरच गेला.

बदलताना

दर तुलना करून दाखविणाऱ्या संस्था बहुधा कंपन्यांकडून दलाली घेतात. म्हणून ‘सर्व दर दाखवा’ हा पर्याय निवडावा. कंपनी बदलण्याच्या दिवशी मीटरचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा आणि शक्य तर त्याचा फोटो घ्यावा. तक्रार आठ आठवड्यांत मिटली नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे जाता येते. ग्राहकाला त्याचा खर्च पडत नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने सूरह बकरामध्ये दिली आहे. माप-तोलात कसूर करणाऱ्यांनाही कुरआनने कडक इशारा दिला आहे. विकणाऱ्याने माप पूर्ण द्यावे, हे खरेच. पण घेणाऱ्यानेही कागद वाचून, हिशोब मांडून, मगच सही करावी. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांनी पुढच्या वेळी फोनवर खुशाली विचारताना एवढे जरूर विचारावे, की वर्षाला युनिट किती जळतात ? उत्तर आले नाही, तर हिशोब अजून व्हायचा आहे असे समजावे.